पाणथळीतले झुडूप स्वतंत्र प्रजाती कधी ठरते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाणथळ भागात वाढणारे एक देशी झुडूप आजवर एका सर्वदूर आढळणाऱ्या प्रजातीची व्हरायटी, म्हणजे प्रजातीच्या खालच्या पातळीचा प्रकार, म्हणून नोंदले जात होते. त्याची पाने वेगळी, फुलायची वेळ वेगळी, आणि वाढतेही फक्त दलदलीतच. मग त्याला स्वतंत्र प्रजाती का म्हणायचे नाही? हे ठरवतो कोण? आणि ठरलेच, तर नावापलीकडे काय बदलते?

‘ठरवतो कोण’ हा भाग आधी घेतो, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. कोणीही ठरवत नाही. शिक्का मारून ‘ही आजपासून प्रजाती’ म्हणणारी समिती जगात कुठेही नाही. वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, साधारण दर सहा वर्षांनी भरणाऱ्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये तिच्यात दुरुस्त्या होतात. २०१७ मध्ये शेन्झेनला झाल्या, मग २०२४ मध्ये माद्रिदला. पण ही नियमावली फक्त नावांचे नियम सांगते. नाव वैध रीतीने प्रसिद्ध झाले का, कोणते नाव आधीचे, ते कोणत्या नमुन्याला बांधलेले आहे, एवढेच ती पाहते. त्या नावामागची वनस्पती खरोखर वेगळी आहे का, याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. ते मत अभ्यासक मांडतो, पुराव्यानिशी छापतो, आणि पुढची दहा-वीस वर्षे बाकीचे लोक ते स्वीकारतात किंवा बाजूला ठेवतात. म्हणून एकच झुडूप एका फ्लोरात (एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या ग्रंथात) प्रजाती असते आणि शेजारच्या फ्लोरात व्हरायटी. अशा वेळी दोन्ही लेखक नियमाने बरोबर असू शकतात.

आता मुख्य मुद्दा. माझ्याकडे ‘ही नवी प्रजाती असावी’ म्हणून जे नमुने येतात, त्यातले बहुसंख्य पानांच्या जोरावर आलेले असतात. पाने लहान, जाड, चामड्यासारखी, खालून लवदार. आणि पाणथळीत नेमक्या याच गोष्टींवर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा लागतो. खोडाशी पाणी महिनोन्‌महिने उभे राहिले की सालीवरची वल्करंध्रे (हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रे) फुगून चामखिळीसारखी दिसतात, पाण्याच्या पातळीला खोडातूनच नवी मुळे फुटतात, आणि मुळांच्या आत हवेच्या पोकळ्या तयार होतात. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, आम्ल दलदलीत नत्र आणि स्फुरद इतके अपुरे असते की तिथले झुडूप पान लहान ठेवते, जाड करते आणि जास्त काळ टिकवते. तेच झुडूप काठावरच्या गाळात लावले तर पान पसरते आणि पातळ होते. सावलीतली फांदी आणि उन्हातली फांदी यांतला फरक निराळाच. बुंध्यापासून छाटलेल्या झुडपाला जे जोमदार फुटवे येतात, त्यांची पाने तर त्याच झुडपाच्या फुलोऱ्याच्या फांदीवरील पानांच्या दुप्पट असू शकतात. जुन्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) अशा फुटव्यांवर वेगळी नावे दिलेली दिसतात, आणि ती नावे देणारे लोक काही कच्चे नव्हते.

मग फरक पाण्याचा की रक्तातला, हे कळणार कसे? उपाय जुना आहे. स्वीडनमध्ये टुरेसनने वेगवेगळ्या अधिवासांतली झाडे आणून एकाच बागेत लावली आणि १९२२ मध्ये ‘इकोटाइप’, म्हणजे प्रजातीतलाच एखाद्या अधिवासाशी जुळलेला आनुवंशिक प्रकार, ही संकल्पना मांडली: काही फरक बागेत आल्यावर मावळले, काही तसेच राहिले. पुढे कॅलिफोर्नियात क्लाउसेन, केक आणि हीझी यांनी एकाच झाडाचे तुकडे करून समुद्रसपाटीजवळ, मधल्या उंचीवर आणि सुमारे ३,००० मीटरवर लावले, त्याचे निष्कर्ष १९४० पासून प्रसिद्ध झाले. पाणथळीतल्या झुडपांच्या बाबतीत आपले काम त्यामानाने सोपे आहे, कारण त्यातली बरीच झुडपे छाटकलमाने सहज लागतात. दोन्ही ठिकाणच्या काड्या एकाच मातीत, एकाच पाणीपातळीत वाढवायच्या. फक्त पहिल्या हंगामाची पाने मोजू नयेत. थंड प्रदेशातल्या झुडपांत पुढच्या वर्षीच्या पानांचे अंकुर आदल्या वर्षीच कळीत तयार झालेले असतात, म्हणजे पहिली पाने जुन्याच जागेची गोष्ट सांगत असतात. बियांपासून रोपे केली तर आणखी चांगले. वेळ लागतो, पण शंका कमी राहते.

इथे बरेच जण एक उडी जास्त मारतात. बागेत फरक टिकला, म्हणजे तो आनुवंशिक आहे, एवढेच सिद्ध झाले. तो प्रजातीचा फरक आहे हे सिद्ध व्हायचेच आहे. टुरेसनचे इकोटाइप आनुवंशिकच होते, तरी ते एकाच प्रजातीतले होते.

माझ्या दृष्टीने निकाल लावणारी कसोटी वेगळी आहे. ही दोन झुडपे कुठे शेजारी-शेजारी वाढतात का, आणि वाढत असतील तर तिथेही आपापली राहतात का? दलदलीचा मध्य आणि कोरडा काठ यांच्यामधल्या पट्ट्यात दोन्ही भेटत असतील, परागण करणारे कीटक तेच असतील, तरी मधल्या रूपाची झुडपे जवळजवळ नसतील, तर त्यांच्यात काहीतरी अडसर आहे. तो फुलायच्या वेळेचा असेल, गुणसूत्रांचा असेल, किंवा संकराचे बी रुजत नसेल. अशा ठिकाणी फांद्या गोळा करणे हे कुठल्याही प्रयोगशाळेइतके मोलाचे काम आहे. उलट तिथे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग उतरण दिसली, तर प्रजातीचा दावा लंगडा पडतो. लोक मात्र नमुने आणतात ते दोन टोकांचे, मधला पट्टा सोडून, आणि मग आलेखावर दोन सुंदर वेगळे पुंजके दिसतात. ते पुंजके झुडपांपेक्षा त्यांच्या सहलीच्या मार्गाबद्दल जास्त सांगतात.

अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दोन होली झुडपांचा वाद याच मुद्द्यावर अडलेला आहे. आयलेक्स मायर्टिफोलिया हे पाँड सायप्रस नावाच्या पाणथळ झाडांच्या आम्ल, उथळ तळ्यांत वाढणारे. पान जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांब, अरुंद, ताठ. आयलेक्स कॅसिनीचे पान बरेच मोठे आणि रुंद. थॉमस वॉल्टरने १७८८ मध्ये मायर्टिफोलियाला प्रजाती म्हणून नाव दिले, नंतर सार्जंटने तिला कॅसिनीची व्हरायटी केले, आणि आजही दोन्ही मते चालू आहेत. टोकाची झुडपे लहान मूलसुद्धा वेगळी करील. पण दोन्ही जिथे भेटतात तिथे मधल्या रूपाची झुडपे सापडतात. त्यांना अधूनमधून होणारा संकर म्हणायचे की एकाच प्रजातीची सलग उतरण, यावर सगळा निकाल अवलंबून आहे. व्हायबर्नम नूडम आणि व्हायबर्नम कॅसिनॉइडीस यांचीही तीच तऱ्हा. दोन्ही नावे खुद्द लिनियसची, वेगवेगळ्या प्रजाती म्हणून दिलेली. पुढे टॉरी आणि ग्रे यांनी दुसरीला पहिलीची व्हरायटी केले. एकदा खाली गेलेले नाव पुन्हा वर आले, की त्याला ‘नवा शोध’ म्हणून बातमी होते, याची मला नेहमी गंमत वाटते. बऱ्याचदा तो शोध दोनशे वर्षे जुना असतो.

शेजारी वाढूनही वेगळे राहण्याचे स्वच्छ उदाहरण हवे असेल तर उत्तरेकडच्या पीट दलदलीतल्या रांगत्या क्रॅनबेरी पाहाव्यात. व्हॅक्सिनियम ऑक्सिकॉकस आणि व्हॅक्सिनियम मायक्रोकार्पम. दोन्ही शेवाळाच्या गादीवरून दोऱ्यासारख्या पसरतात, आणि चालता चालता पाहणाऱ्याला एकच वाटतात. मायक्रोकार्पमची गुणसूत्रे २४, ऑक्सिकॉकसची साधारणपणे ४८, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. २४ आणि ४८ यांचा संकर झालाच तर ३६ गुणसूत्रांची संतती होते, आणि बीजनिर्मितीच्या वेळी तिच्यात जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून ती बहुधा वांझ राहते. अडसर आपोआप तयार. भिंगाखाली फुलाचा देठ पाहिला की ओळख पटते: मायक्रोकार्पमचा देठ तुळतुळीत, ऑक्सिकॉकसच्या देठावर बारीक लव. मायक्रोकार्पमचे पान छोटे, बुडाशी सर्वांत रुंद, जवळजवळ त्रिकोणी. इथे देठावरची लव ग्राह्य धरायची आणि होलीच्या पानाची रुंदी नाही, असे का? कारण या लवेबरोबर गुणसूत्रे, पानाचा आकार आणि फळाचे माप हे सगळे एकत्र बदलते, एकमेकांशी संबंध नसतानाही. एकटे लक्षण कितीही ठळक असले तरी ते एकटेच. चार स्वतंत्र लक्षणे एकाच रेषेवर तुटली, की ती रेषा गंभीरपणे घ्यावी लागते. आणि तरीही उत्तर अमेरिकेच्या मोठ्या फ्लोरात ही दोन्ही एकाच नावाखाली येतात, युरोपात वेगळी धरतात. म्हणजे पुरावा असूनही एकमत होईलच असे नाही.

पानावर विसंबायचे नाही, तर पाहायचे काय? फुले, फळे, बिया, कळीवरचे खवले, फुलायचा काळ, आणि ज्याकडे कोणी लक्ष देत नाही तो वास. वासाबद्दल थोडे सविस्तर सांगतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात लिंडेराच्या तीन देशी प्रजाती आहेत, तिन्ही दालचिनीच्या कुळातली झुडपे. लिंडेरा बेंझॉइन सगळीकडे. लिंडेरा मेलिसिफोलिया हंगामी तळ्यांच्या काठाने, अत्यंत विरळ. आणि तिसरी, किनारी सखल पट्ट्यातल्या आम्ल, पीटयुक्त झिरपत्या जागांतली लिंडेरा सबकोरिएशिया. ही तिसरी वॉफर्ड यांनी १९८३ मध्ये वेगळी केली. त्याआधी तिचे नमुने हर्बेरियममध्ये होतेच, पण बाकी दोघींच्या नावाखाली. पान थोडे चामडी, टोक बोथट. बेंझॉइनचे पान चुरगाळले की तिखट मसालेदार वास नाकात जातो. सबकोरिएशियाचा वास मंद. वाळलेल्या शीटवर, म्हणजे कागदावर चिकटवून ठेवलेल्या नमुन्यावर, हा फरक जवळजवळ उरत नाही. नमुना घेतानाच वहीत दोन शब्द लिहिले नसतील, तर पन्नास वर्षांनंतर ती शीट उघडणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही. फुलांचा रंगही तसाच उडतो. लिंडेराची बारीक पिवळी फुले पाने फुटण्याआधी येतात, म्हणजे फुलांच्या शीटवर पान नसते आणि पानांच्या शीटवर फूल नसते. दोन्ही एकाच झुडपाची आहेत याची खात्री करायची तर झुडपाला खूण बांधून परत जावे लागते.

लिंडेरात आणखी एक खोच आहे. नर आणि मादी झुडपे वेगळी असतात, आणि मेलिसिफोलिया जमिनीखालच्या फुटव्यांनी पसरते. एक अख्खे बेट म्हणजे एकच रोपटे, तेही नर, असे होऊ शकते. अशा बेटातून वीस फांद्या घेऊन मोजमापांचा तक्ता केला, तर कागदावर वीस नोंदी दिसतात, प्रत्यक्षात नोंद एकच असते. फुटव्यांनी पसरणे हा पाणथळीतल्या कितीतरी झुडपांचा स्वभाव आहे, म्हणून दोन नमुन्यांमध्ये बेटाच्या विस्ताराहून जास्त अंतर ठेवणे हा मी पाळत आलेला साधा नियम.

आता डीएनए. ‘डीएनए तपासून टाका ना एकदाचे’ हे वाक्य मला महिन्यातून एकदा तरी ऐकू येते. २००९ मध्ये वनस्पतींसाठी आरबीसीएल आणि मॅट-के ही दोन जनुके बारकोड म्हणून, म्हणजे प्रजाती ओळखण्याची ठराविक खूण म्हणून, सुचवली गेली. ती क्लोरोप्लास्टमधली आहेत, आणि सपुष्प वनस्पतींत क्लोरोप्लास्ट बहुधा फक्त आईकडून येतो. संकर होऊन पुढे वडिलांच्या बाजूशी पुन्हा पुन्हा मिसळ झाली, तर झुडूप दिसायला आणि बाकी जनुकांनी एका प्रजातीचे, आणि क्लोरोप्लास्टने दुसऱ्या प्रजातीचे, असे होते. पाणथळीतले सर्वांत परिचित झुडूप म्हणजे विलो; तिथे हा बारकोड साफ आपटला. उत्तर अमेरिकेतल्या विलोंवरच्या २०१४ च्या अभ्यासात, उघड वेगळ्या असलेल्या अनेक प्रजातींमध्ये एकच क्लोरोप्लास्ट क्रम पसरलेला आढळला. म्हणजे बारकोड सारखा आला तर प्रजाती एकच असे म्हणता येत नाही, आणि वेगळा आला तर दोन असेही म्हणता येत नाही.

हल्ली केंद्रकातली शेकडो जनुके एकदम वाचता येतात, ते निश्चितच चांगले. पण तिथे उलटा धोका आहे. एवढी माहिती हाताशी असली की शेजारच्या दोन दलदलींतली झुडपेसुद्धा वेगळी दिसू लागतात. सुकुमारन आणि नोल्स यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की प्रजाती मोजायला वापरली जाणारी एक लोकप्रिय संगणकी पद्धत प्रत्यक्षात लोकसंख्येची अंतर्गत रचना मोजते. पाणथळ जागा मुळातच तुटक असतात, मधे कोरड्या जमिनीचे मैलोन्‌मैल. त्यामुळे तिथल्या झुडपांत अशी रचना असणारच. ती सापडली यात नवल नाही, आणि प्रत्येक तुकड्याला प्रजातीचे नाव देण्याचे कारणही नाही. डीएनएचा अहवाल माझ्यापुढे आला की मी आधी नकाशा मागतो: नमुने कुठून घेतले, आणि दोन्ही झुडपे जिथे एकत्र आहेत तिथले किती?

आणि एकत्र कुठेच नसतील तर? शेकडो मैलांची फारकत असेल तर शेजाराची कसोटी लावताच येत नाही. आल्नस मॅरिटिमा हा अल्डर याचा नमुनेदार दाखला. पाण्यात पाय रोवून उभे राहणारे मोठे झुडूप. अल्डरच्या बहुतेक प्रजाती वसंतात फुलतात, हा शरद ऋतूत. जगात तो तीनच ठिकाणी आहे: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे डेलमार्व्हा द्वीपकल्प, ओक्लाहोमाचा एक भाग आणि जॉर्जियातली एक दलदल. तिन्ही एकमेकांपासून फार दूर. श्रेडर आणि ग्रेव्हज यांनी तिन्हींची मोजमापे करून फरक दाखवले, आणि २००२ मध्ये त्यांना तीन प्रजाती न करता तीन उपप्रजाती केले: मॅरिटिमा, ओक्लाहोमेन्सिस, जॉर्जिएन्सिस. मला हा निर्णय आवडतो. फरक आहे हे सांगितले, त्याला नाव दिले, आणि जे तपासता येत नाही त्याचा दावा केला नाही. प्रश्नातल्या झुडपाबाबतही ही पायरी विसरू नये. व्हरायटी आणि प्रजाती यांच्यामधे उपप्रजाती आहे, आणि ती काही पराभव नव्हे.

समजा पुरावा भक्कम आहे आणि प्रजातीच करायची आहे. मग पहिले काम जुनी नावे धुंडाळणे. पुष्कळदा हेच टाळले जाते, कारण ते कंटाळवाणे आहे. नावांचा अग्रक्रम १ मे १७५३ पासून मोजतात आणि तो त्या त्या पातळीपुरताच असतो. झुडपाचे व्हरायटी म्हणून असलेले नाव कितीही जुने असो, प्रजातीच्या पातळीवर त्याला आपोआप हक्क मिळत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी कोणी हेच झुडूप प्रजाती म्हणून नोंदवून ठेवले असेल, तर ते नाव वापरणे बंधनकारक. होलीचे प्रकरण यातलेच आहे: ती वेगळी मानायची तर वॉल्टरचे १७८८ चे नाव तयार आहे, नवीन काही छापायचीही गरज नाही. असे नाव नसेल तर व्हरायटीचेच विशेषण (तिच्या नावातला शेवटचा शब्द) वर आणणे हा रूढ मार्ग, आणि मी तोच सुचवीन. मूळ नावाचा संपूर्ण संदर्भ, पृष्ठ आणि वर्षासह, द्यावाच लागतो. १९५३ पासूनच्या नावांना ही अट आहे. मूळ लेखकाचे नाव कंसात आणि वर आणणाऱ्याचे कंसाबाहेर येते. त्याआधी तेच विशेषण त्या जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींच्या गटात) दुसऱ्या कोणा प्रजातीने घेतलेले नाही ना, हे पाहायचे. घेतले असेल तर दुसरे शोधावे लागते. आणि पूर्ण नवेच नाव द्यायचे असेल तर लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन अथवा भेददर्शक टिपण हवे, आणि एकच नेमका टाइप नमुना, म्हणजे ज्याला ते नाव कायमचे बांधलेले राहते तो नमुना, तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला त्याच्या उल्लेखासह.

टाइप नमुन्याशी एक गुंता जोडलेला आहे, तो जरूर तपासावा. नाव जाते टाइपबरोबर, बहुसंख्येबरोबर नाही. मूळ प्रजातीचा टाइप नमुना, दोनेकशे वर्षांपूर्वी कोणा प्रवाशाने गोळा केलेला, नेमका दलदलीतल्या झुडपाचाच निघाला, तर जुने नाव दलदलीतल्या दुर्मिळ झुडपाकडे जाते आणि सगळीकडे दिसणारे नेहमीचे झुडूप बिननावाचे उरते. मग एक तर त्याला दुसरे नाव शोधा, किंवा नाव जुन्याच अर्थाने राखण्याचा रीतसर प्रस्ताव द्या. म्हणून टाइपची शीट, निदान तिचे चांगले छायाचित्र, स्वतः पाहिल्याशिवाय मजकूर छापायला पाठवू नये. फक्त जुन्या पुस्तकातल्या वर्णनावर विसंबून हे काम होत नाही. ती वर्णने बहुधा दोन-तीन ओळींची असतात, आणि त्यात ‘पाने लंबगोल’ याहून फारसे काही नसते.

नावापलीकडे काय बदलते, ते देशाच्या कायद्यावर आहे. अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात वनस्पतींच्या उपप्रजाती आणि व्हरायटींनाही संरक्षण मिळू शकते; एखाद्या भागातली नुसती वेगळी लोकसंख्या म्हणून संरक्षण मात्र फक्त पृष्ठवंशी प्राण्यांना आहे. म्हणजे तिथे झुडपाला नाव असणे गरजेचे, ते प्रजातीच्या पातळीचे असणे गरजेचे नाही. लिंडेरा मेलिसिफोलिया तिथे १९८६ पासून संकटग्रस्त यादीत आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत मात्र पातळीने मोठा फरक पडतो, कारण मूल्यमापन मुख्यतः प्रजातींचे होते. सर्वदूर पसरलेल्या प्रजातीचा भाग असताना जे झुडूप ‘चिंता नाही’ या रकान्यात पडून होते, तेच वेगळे झाल्यावर स्वतःच्या आकड्यांवर जोखले जाते. प्रौढ झाडे २५० पेक्षा कमी असतील तर ते ‘संकटग्रस्त’, ५० पेक्षा कमी असतील तर ‘अतिसंकटग्रस्त’. पुन्हा तोच फुटव्यांचा प्रश्न: खोडे मोजली की आकडा हजारात जातो, झाडे मोजली की कदाचित शंभरातही नाही.

याच कारणाने काही लोक आधी संवर्धन ठरवतात आणि मग प्रजाती शोधतात. त्यांचा हेतू मला कळतो, आणि कित्येकदा जागा खरोखर वाचवण्यासारखी असते. पण ज्या प्रजातीचा आधार एका अभ्यासात कोसळू शकतो, तिच्यावर जागेचे संरक्षण टांगणे धोक्याचे आहे; नाव पुन्हा विलीन झाले की विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळते. दलदल तिच्या पाण्यासाठी, पीटसाठी आणि तिथल्या सगळ्या जीवांसाठी राखा, झुडपाचे नाव हा त्यातला एक मुद्दा असू द्या.

रोपवाटिका आणि पुनर्वनीकरणवाले यांना मात्र निकालाची वाट पाहायची गरज नाही. दोन्ही झुडपे वेगळी ठरोत वा न ठरोत, दलदलीतल्या झुडपाचे बी दलदलीतच लावा आणि काठावरच्याचे काठावर. रोपे एकत्र करून सगळीकडे लावली, तर जो मधला पट्टा पाहून निर्णय घ्यायचा, तोच कायमचा गढूळ होईल.

तुम्हाला स्वतः काही करायचे असेल, तर परवानगी घेऊन नमुने घ्या, आणि मधल्या पट्ट्यातून जरूर घ्या. एका झुडपाची फुलोऱ्याची आणि फळांची फांदी, दोन्ही. नर-मादी वेगळे असतील तर दोन्हींच्या फांद्या. थोडी कोवळी पाने सिलिका जेलमध्ये वेगळी वाळवा, ती पुढे डीएनएसाठी लागतील. वहीत स्थाननिर्देशांक, पाण्याची खोली, झुडपाची उंची, फुलांचा रंग, चुरगाळलेल्या पानाचा वास आणि आसपास दुसरे झुडूप किती अंतरावर आहे, हे त्याच दिवशी लिहा. शीट कुठल्या तरी मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये जमा करा. घरी ठेवलेल्या नमुन्याचा संदर्भ कोणालाच देता येत नाही. लेबलवर सध्या प्रचलित असलेले नाव, व्हरायटीसह, पूर्ण लिहा. व्हरायटी वगळून नुसती प्रजाती लिहिली, तर पुढे विभाजन झाल्यावर तुमची नोंद दोनपैकी कोणाची, हे शीट पुन्हा उघडल्याशिवाय कळत नाही. नाव बदलले तर हर्बेरियमवाले जुने लेबल काढत नाहीत, त्याच शीटवर नव्या नावाची, तारखेची आणि ओळखणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी चिकटवतात. काही शीटवर अशा चार-पाच चिठ्ठ्या असतात, आणि त्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी यांवर कधी कधी एकच नाव असते.